भारी पाट

धाड गावच्या इंद्रभान सुताराकडे लग्नसराईच्या तोंडावर जी माणसं येत, ती आधी बैलगाडीच्या चाकाची चौकशी करत. मग तिफणीची. मग पाऊसपाण्याचं, बाजारभावाचं बोलणं होई. आणि निघताना, पायात वहाण सरकवता सरकवता, सहज आठवल्यासारखं म्हणत, "पाटाचं तेवढं पाहजा. नवरदेवाचा जरा भारी करजा." इंद्रभान नुसती मान हलवी. किती भारी, हे त्यानं विचारायचं नाही आणि गिऱ्हाइकानं सांगायचं नाही, अशी रीत पडून गेली होती.

आता भारी म्हणजे काय, ते परगावच्या माणसाला सांगावं लागेल. मांडवात अंतरपाटाच्या दोन्ही अंगांना नवरा-नवरी पाटावर उभी राहतात. पाट दोन बोटं उंचीचा, दोघांचा सारखाच. पण नवरी जर नवऱ्यापेक्षा उंच निघाली, तर अंतरपाट बाजूला होताच ते चार गावांच्या पाहुण्यांना दिसणार आणि त्यावर पाहुणे वर्षभर हसणार. म्हणून नवरदेवाचा पाट गुपचूप चार बोटं, कधी सहा बोटं वर उचलायचा. खाली जाड पट्ट्या ठोकायच्या, त्या दिसू नयेत म्हणून पुढून फळी मारायची, वर चादर पसरायची. डोक्यावर फेटा आणि बाशिंग, पायाखाली भारी पाट. मधला माणूस निम्माच असला तरी कोणाच्या ध्यानात येत नसे. इंद्रभाननं असे तीस-पस्तीस नवरदेव उंच करून दिले होते, आणि त्यातल्या एकाचंही नाव त्याच्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं.

उंचीच्या बाबतीत माणसांच्या किती तऱ्हा असतात, हे त्या भागात त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. जालन्याकडचे पाहुणे मुलगी पाहायला आले की तिला दाराशी उभी करत आणि तिच्या डोक्याच्या रेषेत चौकटीवर बोट ठेवत. खामगावचे नोकरीवाले फूट आणि इंच विचारत. मोठ्या वाड्यावरच्या देशमुखांना सून नवऱ्याच्या खांद्याशी लागे, त्याच्या वर केसभरही नको. नदीकाठचे भाजीपाला करणारे माळी मात्र उंच सून शोधत, कारण वालाचे वेल मांडवावर चढवायला आणि वरच्या शेंगा तोडायला तीच उपयोगी. पण तीच सून लग्नाच्या मांडवात ठेंगणी दिसली पाहिजे, म्हणून तेही इंद्रभानकडे यायचेच. महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती, सरकारनं फूट काढून मीटर आणला होता, पण हे माप अजून बोटांवरच चाललं होतं.

इंद्रभानला यात काही वावगं वाटत नसे. उलट आपण लोकांची अब्रू राखतो, अशीच त्याची समजूत होती. आणि त्या समजुतीला घरचंच कारण होतं. तो स्वतः पाच फुटाला दोन बोटं कमी. त्याची बायको सोजराबाई त्याच्याहून चांगली पाच बोटं उंच. सुतारांची घरं त्या भागात थोडी, निवड करायला वाव नाही; दोघांच्या बापांनी धाडच्या बाजारात सागाच्या ओंडक्याचा सौदा करता करता सोयरीकही करून टाकली होती. पोरगा-पोरगी शेजारी उभी करून कोणी पाहिलीच नाहीत. हळदीच्या दिवशी नवरी उठून उभी राहिली तेव्हा इंद्रभानच्या आईनं कपाळाला हात लावला. बापानं पटाशी-हातोडी उचलली आणि दुपारभर बसून पाटाखाली पट्ट्या ठोकल्या. त्या घरातला पहिला भारी पाट इंद्रभानच्याच पायाखाली आला. लग्नात कोणी हसलं नाही. पुढच्याच साली कोणीतरी चोरपावलांनी येऊन विचारलं, तुमच्या पोराच्या लग्नात केलं होतं तसं आमच्याही पोराला होईल का. तिथून ते सुरू झालं.

इंद्रभानची मुलगी कला आईवर गेली होती. एकोणीस वर्षांची, सातवी पास, बापाच्या डोक्यावरून पलीकडचं पाहू शकेल एवढी उंच. मोठा आरा ओढायला दोन माणसं लागतात. इंद्रभानच्या आऱ्याचं दुसरं टोक चौदाव्या वर्षापासून कलाच्या हातात होतं. तिला तीन ठिकाणं येऊन गेली. तिघांनी चहा घेतला, पोहे खाल्ले आणि आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप पाठवला की पोरगी चांगली आहे, पण उंच आहे. तिसऱ्या निरोपानंतर कलानं दाराच्या चौकटीकडे जाणंच सोडलं. कोणी आलं की ती मागच्या अंगणात, आऱ्यापाशी.

चौथं ठिकाण पिंपळगाव राजाचं आलं. मुलाचा बाप रंगराव, त्या गावातला नावाजलेला सुतार. मुलगा अर्जुन खामगावला खुर्च्या-टेबलांच्या कारखान्यात कामाला. उंचीला कलापेक्षा तीन बोटं कमी, पण हात चांगला आणि बोलणं मोजकं. पाहायला आला तेव्हा त्याचं लक्ष पोह्यांपेक्षा अंगणातल्या चिरलेल्या फळ्यांवर जास्त होतं. त्यानं एका फळीवरून तळवा फिरवला आणि आरा इतका सरळ कोण ओढतं म्हणून विचारलं. मागच्या अंगणातून कला म्हणाली, एक टोक माझ्याकडे असतं. तो हसला. त्या दिवशी कलाही दिवसभर काहीबाही कारण काढून हसत होती, आणि हे तिच्या आईच्या नजरेतून सुटलं नाही.

ठिकाण जमलं. अटी दोन होत्या, आणि त्या घातल्या मुलाच्या आत्यानं, गीताबाईनं. मांडवात नवरदेवाचा पाट भारी पाहिजे. तो तुम्हीच करता म्हणे, मग चांगलाच करा. आणि पोरीला आतापासून वाकून, मान खाली घालून चालायची सवय लावा; एक दिवस पाटानं निभेल, पुढं रस्त्यानं नवऱ्याच्या बरोबरीनं चालायचं आहे. इंद्रभाननं दोन्ही गोष्टी आनंदानं कबूल केल्या. लोकांच्या पोरांना इतके पाट करून दिले, आपल्या पोरीच्या लग्नाला हात आखडायचा का?

सोजराबाईनं त्याच संध्याकाळपासून मुलीची शिकवणी सुरू केली. गुडघे किंचित मोडून कसं चालायचं, एक खांदा कसा पाडायचा, रस्त्याला उतार असेल तर आपण खालच्या अंगानं कसं राहायचं, माणूस उभा असला की आपण काहीतरी निमित्त काढून कसं बसायचं. कला अंगणात इकडून तिकडं चालून दाखवी आणि आई म्हणे, अजून थोडी मान आत घे. इंद्रभान रंधा मारता मारता हे पाही. एकदा त्याच्या मनात येऊन गेलं की हिला या इतक्या युक्त्या ठाऊक तरी कशा. पण रंध्याखाली गाठ आली आणि तो विचार तिथंच राहिला.

त्याच महिन्यात शाळेचे गुलाबराव मास्तर त्याच्याकडे आले. मास्तर बौद्धवाड्यात राहत, अंगानं बारीक, उंचीला बेताचे. त्यांचं स्वतःचं लग्न ठरलं होतं आणि त्यांना एक साधं, मजबूत टेबल हवं होतं; त्यावर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर ठेवायची होती. इंद्रभाननं सवयीनं पाटांचं विचारलं. मास्तर म्हणाले, आमच्यात आता पाट नाही, अंतरपाट नाही. चादर अंथरायची आणि दोघांनी शेजारी उभं राहायचं.

इंद्रभानला वाईट वाटलं. नवरी कोण, ते त्याला माहीत होतं. मेहकरकडची सिंधू, तीही मास्तरीण. एकदा परीक्षेच्या कामाला धाडला आली होती तेव्हा त्यानं तिला पाहिलं होतं आणि डोळ्यांनी मापही घेतलं होतं. मास्तरांपेक्षा चांगली अर्धी वीत उंच. हा शिकलेला, साधा माणूस. याला कोणी काही सांगितलेलं दिसत नाही, आणि हा उघड्या चादरीवर साऱ्या गावादेखत हसं करून घेणार. इंद्रभाननं टेबल केलं आणि कोणी सांगितलं नसताना, आपल्या पदरची लाकडं घालून, सहा बोटांचा एक भारी पाटही केला. लग्नाच्या सकाळी दोन्ही गाडीत घातलं, पाटावर गोणपाट टाकलं, आणि टेबलाचं दुसरं टोक धरायला कलाला बरोबर घेतलं.

बौद्धवाड्यात पोचल्यावर त्यानं मास्तरांना बाजूला नेऊन गोणपाट उचललं. मास्तर पाहत राहिले. त्यांना आधी उमगेचना. मग उमगलं तेव्हा ते हसले, पण इंद्रभानला लागेल असं हसले नाहीत.

"इंद्रभानभाऊ, माही मायही हेच म्हणत होती," ते म्हणाले. "म्हणे, तिच्याजवळ उभा राह्यला त तिचा लहाना भाऊ दिसशील. म्या म्हणलं, दिसू दे. लोकाईले घटकाभर दिसन. मले तिच्यासंग जन्म काढाचा हाये, पाटावर किती दिवस उभा राहू?"

पाट मात्र त्यांनी परत पाठवला नाही. टेबलावर ठेवून त्यावर तसबिरी मांडल्या. मागच्या माणसांनाही त्या नीट दिसू लागल्या. मग मास्तर आणि सिंधू पांढऱ्या कपड्यांत चादरीवर उभी राहिली. फरक लपण्यासारखा नव्हताच. दोन पोरं खुसखुसली, एक म्हातारी दुसरीच्या कानाला लागली, आणि तेवढ्यावर ते संपलं. सिंधूनं पंचशील मोकळ्या आवाजात म्हटलं. खांदे सरळ, मान सरळ. आपल्या उंचीचं काही करायचं असतं हे तिला कोणी कळवलेलंच नाही, अशी ती उभी होती. कला टेबलापासच्या खांबाशी उभी राहून तिच्याकडे पाहत होती आणि तिची नजर हलत नव्हती.

इंद्रभाननं तिथं चहा घेतला, आणि ते दुसऱ्या दिवशी साऱ्या गावाला कळलं. त्यावर कुजबुज झाली. पण त्याला खुपलं ते वेगळंच.

परत येताना रिकाम्या गाडीत कला पाय सोडून बसली होती. मग म्हणाली, "बाबा, माय पह्यलेपासूनच अशी वाकून चालते काय?"

कामानं वाकतं बाईमाणूस, असं इंद्रभान म्हणाला. कला म्हणाली, शालूमावशी आईपेक्षा चार वर्षांनी मोठी, तिचं काम आईच्या दुप्पट, आणि ती ताठ चालते. यावर इंद्रभाननं बैलांना उगाच हाकारलं. लग्नाआधी त्यानं सोजराला कधी पाहिलंच नव्हतं, आणि लग्नानंतर पाहिलं ते वाकलेलंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंगणात तूर पाखडत बसली होती तेव्हा त्यानं विचारलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही. पाखडता पाखडताच सांगितलं, जसं काही शेजारणीचं सांगते आहे. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सासूनं तिला दळणाशी बसवून सांगितलं होतं, माझ्या पोराच्या वर डोकं काढून गावातनं चालायचं नाही. पहिली दोन सालं मानेत आणि पाठीत कळ येई, रात्री कूस बदलवत नसे. मग दुखायचं थांबलं. आता थंडीत तेवढं दुखतं.

इंद्रभान म्हणाला, "मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमी कधी वर पाहून इचारलंच नाही," सोजराबाई म्हणाली.

तो उठला. तिला म्हणाला, उभी राहा, ताठ उभी राहा पाहू. तिनं आधी टाळलं, मग सूप ठेवून उभी राहिली. भिंतीला पाठ लावून तिनं खांदे मागे घेतले, हनुवटी उचलली. कुठवर तरी मान आली आणि तिथं थांबली. पुढं जाईना. तिनं मानेवर हात ठेवला आणि ओशाळं हसली. म्हणाली, बस, याच्यावर आता नाही होत. इंद्रभाननं आयुष्यभर लाकडाचा बाक काढला होता. ओलं लाकूड भार ठेवून सरळ होतं, वाळलेलं होत नाही, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. त्यानं तिला कधी वाक म्हटलं नव्हतं, हे खरं. पण ती वाकली आणि ते त्याला बरं वाटलं, हेही खरं होतं, आणि बावीस वर्षांनी त्या भिंतीपाशी ते त्याला कबूल करावं लागलं. त्याला स्वतःची लाज वाटली. आणि मग एकदम धास्ती वाटली, कारण पोरीची शिकवणी चालू होऊन महिना होत आला होता.

त्या आठवड्यात तो बुलढाण्याला आणि खामगावला गाड्या बदलत पिंपळगाव राजाला गेला. रंगरावानं आगतस्वागत केलं, ओसरीवर सतरंजी टाकली. भावकीतली दोन-चार माणसं येऊन बसली. इंद्रभाननं चहा व्हायच्या आधीच सांगून टाकलं की पाट भारी होणार नाही, दोघांचा सारखा होईल, आणि पोरगी वाकून चालणार नाही. गीताबाई दाराआडून म्हणाल्या, मग ठरलेलं मोडता का? रंगराव म्हणाला, मोडायचं बोलू नका, पण लोक पोराला हसतील त्याचं काय?

"हासतील," इंद्रभान म्हणाला. "एक दिवस हासतील. माह्या लग्नात कोणीच हासलं नाही, भाऊ. भारी पाट होता माह्या पायाखाली. अन् माही बायको बावीस साल वाकून चालून राह्यली. आता थे सरळ होत नाही."

चारचौघांत, परक्या ओसरीवर, स्वतःच्या तोंडानं हे सांगताना त्याचे कान तापले. भावकीतला एक जण खाली पाहून गालात हसलाही. रंगरावाचा चेहरा उतरला. विचार करून कळवतो, एवढंच तो म्हणाला. सोयरिकीत या शब्दांचा अर्थ काय होतो, हे कलाच्या बापाला चांगलंच माहीत होतं.

गाडीवर पोचवायला अर्जुन आला. त्यानं इंद्रभानची पिशवी घेतली होती. थांब्यावर उभं राहिल्यावर म्हणाला, "मामा, मामींची मान आताही दुखते काय?"

इंद्रभान म्हणाला, हो बाप्पा, थंडीत दुखते. अर्जुननं मान हलवली. तेवढ्यात गाडी आली.

घरी येऊन इंद्रभाननं झालं ते सांगितलं. कला म्हणाली, बरं केलं. मग ती मागच्या अंगणात गेली आणि बराच वेळ आली नाही, आणि आली तेव्हा डोळे धुऊन आली होती. सोजराबाईचा मात्र तोल गेला. बावीस वर्षांत ती नवऱ्यावर आवाज चढवून बोलली नव्हती, त्या दिवशी बोलली. माझी मान गेली ती गेली, पोरीचं जमलेलं कशाला मोडलं? तिला तो मुलगा आवडला होता, कळत नाही का तुम्हाला? इंद्रभानला ते कळत होतं. पुढचे तीन आठवडे तो पोस्टमन दिसला की हातातलं काम थांबवी, आणि पोस्टमन पुढं गेला की रंधा इतक्या जोरानं मारी की फळी पातळ होऊन जाई. आपण पोरीची मान वाचवली की तिचा संसार घालवला, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

कार्ड आलं. अक्षर रंगरावाचं. धरलेली तिथी कायम, वऱ्हाड सत्तर माणसांचं, पंगतीला साधं असलं तरी चालेल. आणि सर्वांत खाली, दाबून लिहिलेली ओळ होती की पाट आम्ही आमचा आणू.

इंद्रभाननं ती ओळ दोनदा वाचली. सुतारानं सुताराला लिहिलेली ओळ, तिचा अर्थ उकलायला तिसरा माणूस लागत नव्हता. त्यानं कलाला कार्ड वाचायला दिलं आणि म्हणाला, मान तुझी आहे, तुला वाटेल तसं कर. मी आता कोणाला काही सांगणार नाही. सोजराबाईनं देवापुढं साखर ठेवली.

वैशाखात लग्न लागलं. मांडवात इंद्रभानचे दोन पाट मांडलेले होते, दोन बोटांचे, सारखे, साधे. वऱ्हाडाबरोबर रंगरावाचा पाट उतरला. सागाचा, आठ बोटं उंच, पुढच्या फळीवर वेलबुट्टी काढलेली. इंद्रभानला सुतार म्हणून तो पाहतच राहावासा वाटला. एवढं सुबक काम त्याच्या हातून झालं नसतं. रंगरावाच्या माणसांनी इंद्रभानचा एक पाट मागे सरकवला आणि त्या जागी आपला ठेवला. इंद्रभान हात जोडून उभा होता. मुलीच्या बापानं भर मांडवात पाटावरून भांडायचं कसं? भटजी घड्याळ पाहत होते.

अर्जुन आला. त्यानं त्या पाटाकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. डाव्या पायानं पाट हळूच बाजूला लोटला आणि मागे सरकवलेला इंद्रभानचा पाट पुढं ओढला.

"पायाले हळद हाये, बाबा," तो म्हणाला. "उच्या पाटावरून घसरते."

पाय कोरडे होते. रंगरावानं ते पाहिलं, इंद्रभाननंही पाहिलं. रंगराव काहीतरी बोलणार होता, पण भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला आणि मंगलाष्टकं सुरू झाली.

अंतरपाट बाजूला झाला तसा बायकांच्या बाजूनं हशा उठला, मग माणसांच्या बाजूनं. मागून कोणीतरी ओरडलं, शिडी आणा बे शिडी. कलानं हार घातला तो चटकन, वरून. मग अर्जुनची पाळी आली आणि हसणं वाढलं. कलाचे डोळे खाली गेले. खांदे पडले. महिनाभर अंगणात गिरवलेला धडा तिच्या अंगात उतरला होता. तिनं ठरवलं नव्हतं, तरी मान आपोआप आत, खाली निघाली होती. इंद्रभान दोन हातांवर उभा होता. ती मान खाली जाताना तो पाहत होता आणि त्याला काहीही करता येत नव्हतं.

अर्जुननं हार धरलेले हात उचलले. ओठ फारसे न हलवता तो म्हणाला, "वाकू नको. पुरतात माहे हात."

कलाची मान थांबली. मग ती वर आली. अर्जुन टाचा उचलून उभा राहिला आणि त्यानं हार घातला. तो तिच्या कानाशी अडकला, तिनं तो स्वतःच सोडवला, आणि मांडव आणखी हसला. अर्जुनही हसत होता.

इंद्रभाननं ते शब्द ऐकले होते. सोजराबाई मुलीच्या पाठीशीच उभी होती, तिनंही ऐकले होते. ते बोलायला काही लागत नव्हतं, ना पैसा, ना शिक्षण, ना उंची. तरी बावीस वर्षांत ते त्याच्या तोंडून निघाले नव्हते. त्यानं बायकोकडे पाहिलं. साऱ्या मांडवात हसण्याचा गोंगाट चालला होता आणि ती एकटी तोंडाला पदर लावून रडत होती. इंद्रभान गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ गेला. तिच्याशी काय बोलावं, ते त्याला अजूनही सुचत नव्हतं.